पाइनच्या जंगलात सायकल चालवायचीय, तयारी पेडण्यात कशी करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला रे. मला कळलं ते असं: चार महिन्यांपूर्वी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतलीस, राहतोस पेडण्यात, सप्टेंबरअखेर जर्मनीत मानहाइमला ताईकडे जाणार आहेस, आणि तिथून जवळ जे फेल्त्सरवाल्ड नावाचं पाइनचं जंगल आहे, पडक्या किल्ल्यांचं, तिथे आठवडाभर सायकल चालवायचीय. सायकल इथून नेऊ का, गोव्यात त्यासाठी प्रॅक्टिस होईल का, आणि किल्ले कुठले बघू. बरोबर ना?

मी फोंड्याचा, वीसेक वर्षं याच धंद्यात आहे, सायकली दुरुस्त करतो आणि लोकांना घेऊन फिरतो, आणि त्या जंगलात दोन वेळा जाऊन आलोय. पहिल्या वेळी पहिल्याच दिवशी पडलो. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो, कारण किल्ले वगैरे नंतर, हे आधी.

आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, स्कूटरला पण तसंच, म्हणजे आपला उजवा हात लहानपणापासून पुढचं चाक धरतो. जर्मनीत उलटं. तिथे डावा हात पुढचा, उजवा मागचा. भाड्याच्या दुकानात मला सांगितलं होतं, मी मान पण हलवली, आणि पहिल्या उतारावर वळणात मागचं चाक जरा धरावं म्हणून डावा लिव्हर दाबला आणि खाली पाइनच्या सुया होत्या, पुढचं चाक असं गेलं की मला कळायच्या आत मी खांद्यावर. हाड नाही मोडलं पण तीन दिवस हात वर जात नव्हता. चूक माझीच, दुकानाची नाही.

म्हणून पहिलं काम, जायच्या महिनाभर आधी तुझ्या सायकलचे ब्रेक उलटे करून घे. केबलचे असतील तर दहा मिनिटांचं काम आहे, हायड्रॉलिक असतील तर पाइप बदलून परत ब्लीड करायला, म्हणजे आतली हवा काढायला लागते, मेकॅनिक कुरकुर करेल पण कर म्हणावं. लोक म्हणतात मग स्कूटरवर गोंधळ होतो. नाही होत रे, आठवड्याभरात शरीराला कळतं की ही सायकल आणि ती स्कूटर. गोंधळ त्यांचा होतो जे विमानातून उतरून थेट उतारावर जातात.

आता सायकल नेऊ का. नको नेऊस. बॉक्स, पॅकिंग, विमानात वाकलेला डिरेलर हँगर (मागचा गिअर धरणारा हुक), आणि तिथे मानहाइमच्या ट्रेनमध्ये बॉक्स ओढत फिरायचं, कशाला. तिथे भाड्याने चांगली ट्रेल बाइक मिळते, 120-130 मिलीमीटर ट्रॅव्हलवाली, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी, पुरे, जास्त घेऊ नको, ते जंगल आल्प्ससारखं उभं नाही. इथून मात्र हेल्मेट, शूज, पेडल आणि सीट घेऊन जा. हो, सीट. आठवडाभर रोज पाच तास परक्या सीटवर बसलास तर किल्ल्यांऐवजी फार्मसी बघत फिरशील.

आता मूळ मुद्दा, जमीन. मी शिकवतो त्या पोरांना एकच गोष्ट सांगत असतो, टायरखाली दोन थर असतात, वरचा सैल आणि खालचा घट्ट. ब्रेक लागतो तो खालच्या थरावर, वरचा थर फक्त फसवतो. आपला सडा घे, जांभ्याचा घट्ट कातळ आणि त्यावर ते लाल बारीक गोल खडे पसरलेले, उन्हाळ्यात त्यावरून जाणं म्हणजे गोट्यांवरून जाणं. काजूच्या बागायतीत तेच, खाली कडक लाल माती आणि वर काजूच्या पानांचा खच. पाइनच्या जंगलात वर सुयांचा गालिचा, खाली वाळूमिश्रित माती, आणि मधेच मुळं. तत्त्व एकच आहे. ज्याला खड्यांवर वळता येतं त्याला सुयांवर वळता येतं, फक्त फरक हा की खडे दिसतात आणि आवाज करतात, सुया मऊ दिसतात, आवाज नाही, आणि माणूस बेसावध होतो.

करायचं काय तर ब्रेक वळणाच्या आधी, सायकल अजून सरळ असताना, आणि वळणात शिरलास की बोटं सैल. सायकल कमी झुकव, बाहेरचा पाय खाली आणि सगळं वजन त्या पायावर. आणि नजर पुढे ठेवून ती तपकिरी रेघ शोध, जिथून आधीच्या लोकांच्या चाकांनी सुया बाजूला सारल्यात आणि खालची माती दिसतेय. ती रेघ वळणाच्या आतल्या बाजूला नसून बऱ्याचदा जरा बाहेरून जाते, तिच्यावरच राहा. आणखी एक उलटं वाटणारं सांगतो, कोरड्या सुया ओल्या सुयांपेक्षा जास्त सरकतात, काडेपेटीतल्या काड्या फरशीवर सांडाव्यात तशा. पाऊस पडून गेल्यावर सुया जरा बसतात. पण त्यांच्याखाली जी ओली मुळं लपलेली असतात ती साबण. मूळ आडवं आलं की चाक काटकोनात न्यायचं, त्या क्षणी ब्रेक नाही, पेडल पण नाही, नुसतं तरंगत जायचं.

हे गोव्यात कुठे शिकशील? तू लिहिलंयस "आपल्याकडे पाइन बीचवर आहेत". ते पाइन नव्हेत रे, ते सुरू. सगळे म्हणतात पाइन, हॉटेलवाले पण नावात लिहितात, पण सुरू हे फुलं येणारं झाड आहे, पाइनचं लांबचं पण नातं नाही. त्याच्या सुया म्हणजे पानं नव्हेत, बारीक हिरव्या डहाळ्या असतात, पानं म्हणजे त्या डहाळीच्या सांध्यावरचे बारीक खवले, भिंगातून बघायला लागतात. फळ मात्र पाइनच्या बोंडासारखंच दिसतं आणि अनवाणी पायाखाली आलं की कळतं. तर नातं नसलं तरी जमिनीचा थर अगदी तसाच बनतो, खाली वाळू आणि वर तपकिरी काड्यांचा गालिचा. आणि तुझं नशीब बघ, केरीचा किनारा तुझ्याच तालुक्यात, सुरूचं बन आहेच, आणि तिथूनच फेरीबोटीने नदी ओलांडली की समोर तेरेखोलचा किल्ला. गोव्यात "पाइन आणि किल्ला" याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

माझा तिथला नेम असा, सकाळी लवकर, बनात झाडांमधून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायचं. आधी ब्रेकशिवाय, मग ब्रेक लावून मुद्दाम मागचं चाक सरकवायचं, मग पुढचं अगदी हलकं, ते कुठल्या क्षणाला सुटतं ते हाताला कळेपर्यंत. वाळूवर पडलं तर लागत नाही, म्हणून पडायचं ते तिथेच पडून घे. टायरची हवा कमी कर, तुझं वजन साठ-सत्तर किलो असेल आणि टायर 2.4चे ट्यूबलेस असतील तर पुढे 20-21, मागे 23-24 पीएसआय. हीच हवा घेऊन सड्यावर मात्र जाऊ नको, जांभ्याच्या कडा सुरीसारख्या असतात, रिम आपटते आणि साइडवॉल फाटते, तिथे दोन-तीन पीएसआय वाढव. एक मात्र, वाळूच्या टेकड्या, ज्यावर वेल पसरलेले असतात, त्यावर चढायचं नाही. आणि गालजीबागेला पण सुरू भरपूर आहेत म्हणून दक्षिणेकडच्या पोरांना मोह होतो, पण तिथे, आणि तुमच्या मोरजी-मांद्र्याला पण, हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे सायकल नको म्हणजे नको.

बन झालं की फेरीत बस, पलीकडे चढ मार, किल्ल्यापर्यंत जा. तो पडका नाही, नीट उभा आहे, आत सेंट अँथनीचं चर्च. मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि गंमत म्हणजे नदीच्या उत्तरेला गोव्याचा एवढाच तुकडा आहे, बाकी जमिनीच्या बाजूने सगळा सिंधुदुर्ग. ही सीमेची गंमत लक्षात ठेव, पुढे कामाला येते.

त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तुमच्याच तालुक्यातला हळर्णचा किल्ला पण घेतला, आणि तो व्हाइसरॉय त्या विजयावरून मार्केझ ऑफ अलोर्ना झाला, म्हणजे आपल्या हळर्णचं नाव पोर्तुगालच्या सरदारकीत जाऊन बसलं. तिथला रस्ता सपाट, नदीच्या कडेने, दम वाढवायला बरा. चढ-उताराची छोटी प्रॅक्टिस हवी तर हळदोण्याजवळचं खोर्जुवे, 1705 चा एवढासा चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरूज, टेकडीवर. खरं पडकं बघायचं तर सत्तरीतलं नाणूस, जिथून 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी बंड पुकारलं, पण तिथे आता किल्ला म्हणून फारसं काही उरलेलं नाही, माहिती असेल तरच अंगावर काटा येतो. काब द रामच्या किल्ल्यावर पावसात नको जाऊस, उघडा सडा आणि समुद्राचा वारा, ते हिवाळ्यात.

पावसावरून आठवलं. तू सप्टेंबरअखेर जाणार म्हणजे तुझी सगळी तयारी पावसात. जांभा धुतलेला असेल तर ओला पण पकडतो, खडबडीत असतो ना, पण शेवाळ धरलं की संपलं, आणि जुलैनंतर सावलीतला प्रत्येक चिरा शेवाळलेला असतो. तिथे कौशल्य वगैरे काही चालत नाही, उतरून चालायचं. उघड्या सड्यावर त्या दिवसात फुलं येतात, ती सीतेची आसवं वगैरे, बोटभर मातीत उगवलेली असतात, एक टायर गेला की पट्टा उखडतो. सड्यावरच्या गाडीवाटेने जा, फुलांवरून नको. फुरसं पण सड्याचंच जनावर आहे, दगडावर हात टेकताना बघून टेक. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय सायकल घेऊन आत शिरायचं नाही, आणि आत गवा समोर आला तर तुझ्या वरखाली होणाऱ्या ड्रॉपर सीटपोस्टचं त्याला कौतुक नसतं.

दमाचं गणित सरळ आहे. नॉयश्टाट नावाचं गाव आहे, मानहाइमहून ट्रेनने अर्धा तास, ते साधारण 140 मीटरवर, आणि तिथून त्या जंगलातलं सगळ्यात उंच टोक काल्मिट, 673 मीटर. म्हणजे एका दमात पाचशेच्या वर चढ. पेडण्याचे सडे दीडशेच्या आसपास, म्हणजे एकाच सड्यावर सकाळी चार वेळा चढून उतरायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. नाहीतर चोर्ल्याचा घाट, रविवारी पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, पण दरड पडलेली नाही ना ते आधी विचारून. आणि तिथे हवा थंड असल्यामुळे आपल्याला इथल्यापेक्षा बरंच सोपं जातं हो, आपण घामातच अर्धे संपतो.

आता ते जंगल. फेल्त्सरवाल्ड, जर्मनीच्या नैऋत्येला, फ्रान्सच्या सीमेला टेकलेलं, आणि सीमेपलीकडचा उत्तर व्होजचा डोंगराळ भाग मिळून युनेस्कोचं एकच जैवावरण क्षेत्र आहे ते. सायकलसाठी खुणा लावलेल्या वाटांचं जाळं आहे, सुमारे 900 किलोमीटर. तू व्हिडिओत बघितलेल्या सगळ्या वाटा मात्र त्यातल्या नसतात, आणि त्या राज्याच्या कायद्याने जंगलात सायकल रस्त्यांवर आणि जंगलरस्त्यांवरच चालते, पायवाटांवर नाही, जिथे खूण लावून परवानगी दिलीय ती सोडून. त्यामुळे खुणेची वाट सोडू नको. रविवारी म्हाताऱ्या माणसांचे घोळके चालायला येतात, काठ्या घेऊन, लांबूनच बेल वाजव, वेग कमी कर, "मॉर्गन" म्हण, तेवढ्यावर ते खूश असतात.

सगळं जंगल लाल वालुकाश्मावर आहे आणि म्हणूनच तिथे पाइन, वाळूच्या कोरड्या मातीत तो तग धरतो, जिथे माती बरी तिथे बीच आणि ओकची झाडं. पाऊस पडला तरी पाणी लगेच मुरतं, दुसऱ्या दिवशी वाट कोरडी. आपल्या चिखलातून गेलेल्या माणसाला ते स्वप्नच वाटतं. कोरडा वालुकाश्म टायरला पॉलिश पेपरसारखा धरतो, पण झाडीत, उत्तरेच्या बाजूला, हिरवट पडलेला असेल तर आपल्या शेवाळलेल्या चिऱ्यासारखाच समज. परत तेच, वरचा थर आणि खालचा थर.

किल्ल्यांसाठी तीन दिवस सांगतो. पहिला दिवस नॉयश्टाट आणि काल्मिट, येताना हाम्बाखचा किल्ला, 1832 मध्ये तिथे हजारो लोक लोकशाही मागायला जमले होते, काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन, आता तो दुरुस्त केलेला आहे, म्यूझियम आहे, बघून लगेच निघ. त्या कडेच्या डोंगरावर चेस्टनटची झाडं भरपूर, सप्टेंबरअखेरपासून काटेरी बोंडं वाटेवर पडतात, टायरला काही होत नाही, पण पडलास आणि तळहात त्यावर टेकला तर संध्याकाळ चिमट्याने काटे काढण्यात जाते.

दुसरा दिवस आनवाइलर. गावावर तीन टेकड्या ओळीने, तिन्हीवर किल्ले: ट्रिफेल्स, आनेबोस, शार्फेनबेर्ग. इंग्लंडचा राजा रिचर्ड, सिंहाच्या काळजाचा म्हणतात तो, धर्मयुद्धातून परतताना पकडला गेला आणि 1193 मध्ये काही काळ ट्रिफेल्सवर कैदेत होता. सगळे तिथेच जातात. पण ट्रिफेल्सचा बराच भाग विसाव्या शतकात नव्याने बांधलाय, तुला जे पडकं, झाडीत बुडालेलं हवंय ते बाकीच्या दोन टेकड्यांवर आहे आणि तिथे गर्दी पण नसते. मी आनेबोसखाली बसून घरून नेलेले शंकरपाळे खाल्ले, एक माणूस भेटला नाही.

तिसरा दिवस सगळ्यात भारी, डान नावाचं गाव. तिथली ट्रेन काही ठरावीक दिवशीच असते, आधी बघून घे. आल्टडान म्हणजे एकाच लांब खडकावर तीन किल्ले, आणि हे किल्ले आपल्यासारखे चिरे रचून नुसते वर बांधलेले नाहीत, खडकच पोखरून जिने, खोल्या, पाण्याची टाकी केलीत. मला तिथे लगेच सह्याद्रीतले कातळात कोरलेले जिने आठवले. आपला जांभा खणताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून आपण चिरे काढून भिंती बांधल्या. त्यांच्याकडे खडक आयताच उभा, मऊ, टोकरता येण्यासारखा, त्यांनी त्यातच घर केलं. जवळच ड्राखेनफेल्स, 1523 मध्ये पाडला, खडकाचा सुळका आणि त्यात कोरलेल्या पायऱ्या एवढंच आहे, पण संध्याकाळचं ऊन लाल दगडावर पडलं की बघत राहशील.

पाय शिल्लक असतील तर चौथ्या दिवशी वेगेलनबुर्गचा किल्ला, 572 मीटर. तिथून डोंगराच्या धारेने पुढचा किल्ला फ्रान्समध्ये, मग आणखी पुढे फ्लेकेनश्टाइन, तो पण फ्रान्समध्ये. सीमा म्हणजे जंगलातला एक दगड. तेरेखोलचं सांगितलं ना, तसंच, किल्ले आधीचे, रेघ नंतर आली. त्या धारेवर मात्र चालणाऱ्यांचीच वाट आहे, सायकल खाली लावून चालत जा.

आणि हे सगळ्याच किल्ल्यांना लागू आहे, शेवटचे शंभर मीटर सायकल खाली ठेवायची. किल्ला बांधणाऱ्याने ती शेवटची चढण मुद्दाम वाईट ठेवलेली असते, वर यायला त्रास व्हावा म्हणूनच, तिथे सायकल खांद्यावर घेऊन हिरोगिरी करण्यात अर्थ नाही, चालणारे शिव्या घालतात. चांगलं कुलूप बरोबर ठेव.

खाण्यापिण्याचं टेन्शन घेऊ नको, जंगलात ठिकठिकाणी झोपड्या आहेत, म्हणजे खानावळी, सायकलवाले आणि चालणारे एकाच बाकावर. डुकराच्या पोटात बटाटा-मांस भरून करतात तो पदार्थ तिथला खास, मला आवडला, बायकोला वासच नको झाला. शाकाहारी असशील तर उकडलेले बटाटे आणि पांढरं मऊ चीज मिळतं. वाईनमध्ये सोडा घालून अर्ध्या लिटरच्या ग्लासात देतात आणि ते सरबतासारखं खाली उतरतं, आपल्या काजूच्या हुर्राक दारूसारखंच, उठायला गेलं की कळतं. शेवटचा उतार झाल्याशिवाय हात लावू नको. रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड बघ, तिथल्या गोचिडीने आजार होतात, जळू परवडली. चिमट्याने सरळ उपटायची, तेल-बिल लावत बसायचं नाही.

जायच्या आधी एकदा तुझी सायकल उलट्या ब्रेकची करून केरीच्या बनात ये, मी पण येतो, दोन तास फिरू आणि मग फेरीने तेरेखोल. फक्त ये म्हणजे पेडण्याच्या केरीला ये. गेल्या वर्षी एक मुलगा फोनवर केरी ऐकून सत्तरीतल्या केरीला जाऊन धरणाजवळ दीड तास उभा होता आणि मलाच विचारत होता की समुद्र कुठे आहे.